ढगाळ दिवसाचं मीठ

प्रश्नवाली पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगावर पांढराशुभ्र सदरा होता. रंगखात्यात पांढरं घालून येणारा माणूस एकतर साहेब असतो नाहीतर अडाणी. अर्ध्या तासात तिच्या बाहीवर निळा शिंतोडा उडाला आणि मला जरा बरं वाटलं. वय वाढलं म्हणून माणसाचा खोडसाळपणा जातो असं थोडंच आहे.

मी डाईंग मास्तर. कापड रंगवण्यात बेचाळीस वर्षं काढली. गिऱ्हाईक बोटभर चिंधी आणून टाकतं आणि म्हणतं, असा रंग पाहिजे, आठशे किलो. ती शेड हुबेहूब जुळवायची, हे माझं काम. सहा महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो आणि माझ्या जागी बसेल असा माणूस मिळत नव्हता, म्हणून मॅनेजरचं धाबं दणाणलं होतं. त्याने एका कंपनीकडून ही बाई आणली. ती मला प्रश्न विचारणार, माझ्या उत्तरांचे नियम करणार आणि ते नियम कॉम्प्युटरात भरणार. मग मी घरी बसलो तरी कॉम्प्युटर सांगेल, मीठ किती टाकायचं, सोडा कधी, मशीन कधी थांबवायचं.

"म्हणजे माझी अक्कल काढून डब्यात भरणार," मी म्हणालो.

"अक्कल तुमच्याकडेच राहील, मास्तर. मी फक्त नक्कल उतरवून घेणार."

"नकलेलाही अक्कल लागते."

"ती थोडी माझ्याकडे आहे," ती म्हणाली, आणि तिने रेकॉर्डर सुरू केला.

पहिला दिवस पाण्यात गेला. शेड जुळली हे कसं कळतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दिसतं. काय दिसतं? जुळलेलं दिसतं. न जुळलेलं कसं दिसतं? न जुळल्यासारखं. दीड तास हे असं चाललं होतं. मी काही तिची चेष्टा करत नव्हतो, माझ्याजवळ खरंच दुसरं उत्तर नव्हतं. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी, दोन दिवसांत कंटाळून जाईल.

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, तुम्ही रोजचं काम करा, फक्त डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. मग मी मशीनभोवती बडबडत फिरायला लागलो. वाफ जास्त झालीय, झडप आवळा. फेस का येतोय, पाण्यात आज क्षार दिसतात. हा तुकडा गरम आहे, याच्यावर विश्वास नको, गार होऊ दे. इस्त्री कुठे आहे, ओल्या कापडाचा रंग खोटा असतो, सुकवून बघा. माझ्या हाताखालचे दोघे कामगार एकमेकांकडे बघत होते. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, मास्तर, तब्येत बरी आहे ना?

तिसऱ्या दिवशी तिने रंगलेल्या कापडाचे शेकडो तुकडे एका खोक्यात भरून आणले. त्यातले कोणतेही तीन काढायची आणि माझ्यासमोर ठेवायची. यातले दोन एकासारखे एक कोणते? तिसरा वेगळा कशामुळे? सुरुवातीला मी म्हणालो, हे पोरांचे खेळ आहेत. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हे दोन पोटभर जेवलेत. हा उपाशी आहे."

"उपाशी म्हणजे?"

"म्हणजे याला रंग पुरा मिळाला नाही. मीठ कमी पडलं असेल, नाहीतर घाईघाईने टाकलं असेल."

तिने ते लिहून घेतलं. त्या दुपारी मला कळलं की माझ्याकडे शब्द आहेत. उपाशी, उतावळा, थकलेला, आतून मळका. बेचाळीस वर्षं मी हे शब्द स्वतःशी वापरत होतो आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. घरी जाताना मी रस्त्यावरच्या माणसांचे सदरे बघत चाललो होतो, आणि उद्या तिला काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो.

इथे माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं. तिची आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळा सुटली की ती थेट रंगखात्यात यायची. प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक उंच स्टूल होतं, त्यावर बसून गृहपाठ करायची आणि गृहपाठ झाला की तुकडे कापून वहीत चिकटवायची. अठराव्या वर्षी ती मला म्हणाली, "बाबा, मला तुमच्या हाताखाली घ्या. मला हे शिकायचंय."

मी म्हणालो, "हे शिकवून येत नाही. हे अंगात असावं लागतं."

"मग माझ्यात नाही?"

मी मूग गिळून बसलो. वर्षभरात ती दुसऱ्या गावी गेली. दाताच्या डॉक्टरांकडे काहीतरी नोकरी लागली. आता नऊ वर्षं झाली, वर्षाकाठी एकदा येते. दर रविवारी फोन असतो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. पाणी येतं? येतं. गुडघा? आहे. पाच मिनिटांत दोघंही सुटतो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहतो, कारण मला अजून बोलायचं असतं आणि काय ते माहीत नसतं.

आणि इथे ही परकी बाई, आठवड्यातून तीन दिवस, समोर बसून विचारत होती. सगळ्यात वाईट फसलेला लॉट सांगा. तेव्हा आधी काय दिसलं? दुसरं काही करता आलं असतं? करायचं का टाळलंत? मी सांगत सुटायचो. चहा गार व्हायचा. एक महिन्याने ती म्हणाली, मला अहो-जाहो करू नका, तेव्हा मी तिला अगं म्हणायला लागलो. मोजून तीन महिन्यांत दोनशे तेरा नियम झाले. जे शिकवून येत नाही म्हणून मी पोटच्या पोरीला वाटेला लावलं होतं, ते दोनशे तेरा ओळींत बसलं होतं आणि वर पानाला नंबर होते. मला त्याचा आनंद व्हायचा आणि त्याच वेळी लेकीची ती तुकड्यांची वही आठवायची.

एका गुरुवारी तिने फाईल बंद केली. "मास्तर, झालं आपलं. आता तुमच्याकडून नवीन काही येत नाहीये, तेच तेच फिरून येतंय. आमच्यात याला विहीर उपसली म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून मी आमच्या ऑफिसातच बसेन."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी खिडकीतून बघितलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ढगाळ दिवसाचं राहिलंच की," मी म्हणालो.

"काय राहिलं?"

"मीठ आपण तीन हप्त्यांत टाकतो ना. ढगाळ दिवशी तिसरा हप्ता अर्धाच टाकायचा. हवेत ओल असते."

तिने फाईल पुन्हा उघडली. "हे आधी कसं नाही आलं?"

"तू विचारलं नाहीस."

असा काही नियम नाही. बंद मशीनमध्ये, साठ अंशाच्या पाण्यात, बाहेरच्या ढगाचं काय काम? पण ती विचारत गेली आणि मी रचत गेलो. थोडेच ढग असतील तर? सकाळी ढग आणि दुपारी ऊन? गडद शेडला किती, फिक्या शेडला किती? या एका खोट्यावर मी तिच्या आणखी तीन आठवड्यांच्या बैठका काढल्या. मनाची समजूत घातली होती, मीठ कमी पडलं तर शेड फिकी येते, आणि फिकी शेड वर चढवता येते. गडद झालेली खाली आणता येत नाही. म्हणजे खोटं बोललो तेही कुणाला इजा होणार नाही अशा बाजूने, असं मला वाटत होतं.

मग चाचणी ठेवली. मॅनेजरने सांगितलं, मास्तरांनी मशीनला हात लावायचा नाही, कॉम्प्युटर सांगेल तसं करायचं. पहिले सहा लॉट असे आले की मीच तोंडात बोट घातलं. सातव्या दिवशी ढग होते. लॉट उपाशी आला. वर चढवायला पाच तास गेले, आणि चढवला तरी ठिगळासारखा दिसत होता, आठशे किलो पूर्ण काळा रंगवावा लागला. मॅनेजर सगळ्यांसमोर प्रश्नवालीला म्हणाला की हा खेळ शुक्रवारी बंद होईल आणि तो तिच्या कंपनीला तसं कळवेल. ती मान खाली घालून कागद चाळत होती. आपली कुठे चूक झाली ते शोधत होती.

मी तिला बाहेर बोलावलं, रंगाची पिंपं ठेवतात त्या छपराखाली. म्हणालो, "चूक तुझी नाही. ढगाळ दिवसाचं मीठ मी बनवून सांगितलं."

"बनवून म्हणजे?"

"तसं काही नसतं."

तिला कळायला वेळ लागला. मग तिचा चेहरा असा झाला की माझी नजर खाली गेली.

"का?" तिने विचारलं.

"तू यायची थांबली असतीस."

मला वाटलं होतं ती विरघळेल. म्हाताऱ्या माणसाची तेवढी अपेक्षा असते. ती म्हणाली, "मास्तर, दोनशे चौदातला एक खोटा. पण आता मला दोनशे चौदाही खोटे वाटायला लागलेत. मी कशाच्या जोरावर सांगू की बाकीचे खरे आहेत?"

"माझा शब्द देतो."

"तुमचा शब्दच तर तपासायचाय." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला काम करताना कुणी बघितलंय? रोज, जवळून, वर्षानुवर्षं? हाताखालची माणसं नकोत, ती तुम्हाला घाबरतात."

मी चष्मा लावून फोन चाळला. मग लेकीचा नंबर दिला.

लेक बुधवारी आली. एक दिवसाची रजा टाकून, सकाळच्या बसने, परतीचं तिकीट काढूनच. मला म्हणाली, "बाबा, बारीक झालात." मी म्हणालो, "तू पण." तेवढ्यात प्रश्नवालीने तिला प्रयोगशाळेत नेलं आणि मला दारातच अडवलं. "तुम्ही बाहेर. तुमच्यासमोर त्या तुमच्यासारखं बोलतील. त्यांना काय येतं ते मला वेगळं पाहिजे."

माझ्याच प्रयोगशाळेबाहेर मी बाकावर बसलो. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. प्रश्नवाली एकेक कार्ड समोर ठेवत होती, कार्डावर एक अडचण लिहिलेली, आणि लेकीने सांगायचं की इथे काय करावं. लेक हातवारे करत होती. मधेच हसली. एक तुकडा उचलून खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. तुकडा असा उलटा करून बघायला तिला मी कधी सांगितलं नव्हतं. कधीतरी दोन कप चहा घेऊन मी दार ढकललं, तर प्रश्नवालीने कप घेतले आणि मला परत बाहेर काढलं. दहा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत माझी पोर माझ्यापासून आठ पावलांवर बसून दुसऱ्याच बाईशी बोलत होती आणि मी बाकावर बसून तिच्या ओठांची हालचाल बघत होतो. एवढं तिच्याकडे मी आयुष्यात कधी बघितलं नसेन.

तीन वाजता प्रश्नवाली आधी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"दोनशे तीन ठिकाणी त्यांचं उत्तर तुमच्या नियमाशी जुळलं. अकरा ठिकाणी वेगळं पडलं. त्यातल्या नऊ ठिकाणी मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे. शुक्रवारी मॅनेजरसमोर ठेवायला एवढं पुरेल."

"आणि ढगाचं?"

"कार्ड वाचून हसल्या. म्हणाल्या, ढगाळ दिवशी बाबा चिडचिड करतात, मीठ कधी कमी करत नाहीत."

मी हसलो नाही.

"एक गोष्ट तुमच्या यादीत नव्हतीच," ती म्हणाली. "त्या म्हणतात, शेड पास करायच्या आधी तुम्ही तुकडा घेऊन त्यांच्या स्टुलापाशी यायचात आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचात. त्यांनी नाक मुरडलं की लॉट परत मशीनवर. दहा-अकरा वर्षांच्या होत्या तेव्हापासून. हे खरं आहे?"

मी म्हणणार होतो, काहीतरीच काय. पण मला ते स्टूल दिसलं, आणि माझा तो हात, ज्याच्यात मी तुकडा धरायचो. लेक गाव सोडून गेली त्या वर्षी माझे लॉट वरचेवर परत आले होते. मी पाण्याला दोष दिला होता. पाण्याचे तीनदा नमुने तपासून घेतले होते.

"खरं असेल," मी म्हणालो.

"त्यांची नजर जबरदस्त आहे. त्या कामातच आहेत म्हणा. दिवसाला पंधरा-पंधरा दातांच्या शेड जुळवायच्या म्हणजे."

"दातांच्या?"

प्रश्नवाली माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

मला वाटत होतं ती दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. नऊ वर्षं मी तेच धरून बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बस चारची होती. स्टॉप कारखान्याच्या समोरच आहे, एक बाक आणि वर पत्रा. आम्ही दोघं बसलो.

"दाताला शेड असते?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "नुसत्या नमुन्याच्या पट्टीवरच सोळा असतात. त्या सोडून मधल्या किती तरी. नवा दात शेजारच्या दातासारखा दिसायला पाहिजे ना. डॉक्टर माणसाला तोंड उघडं ठेवून बसवतात, मग दात सुकतो आणि पांढरा दिसायला लागतो. त्याच्यावरून शेड घेतली की फसलं. म्हणून मी आधी बघते, दात ओला असताना."

"ओल्या कापडाचं आपण उलटं करतो."

"उलटं कुठे? माणूस ज्या अवस्थेत बघणार त्या अवस्थेत बघायचं. कापड सुकं, दात ओला. तुमच्याकडूनच उचललंय ते."

मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "तुझ्यात नाही असं मी कधी म्हणालो नव्हतो."

"गप्प बसलात. तेच झालं."

"होतं तुझ्यात. मला दिसत होतं."

"मग मला शिकवायला 'नाही' का म्हणालात?"

तीन महिने मी कापडाबद्दलच्या प्रत्येक 'का'ला उत्तर दिलं होतं. ह्या एकाला माझ्याकडे काही नव्हतं. समोर तीन तुकडे ठेवून कुणी विचारलं असतं तर कदाचित जमलं असतं. मी गुडघा चोळत बसलो. तिने थोडी वाट बघितली, मग बस आली, ती उठली, "गोळ्या घेत जा," म्हणाली आणि चढली. बसने वळण घेतलं तरी मी बाकावरच होतो.

उत्तर मला मग सुचलं. प्रश्नवालीला पिंपांच्या छपराखाली जे सांगितलं होतं, तेच हे होतं. मी खिशातून फोन काढला. रविवार नव्हता, म्हणून तिने घाबरूनच उचलला.

"बाबा? काय झालं?"

"तू विचारलंस ना, का. सांगतो. मला वाटलं, सगळं शिकून झालं की तू माझ्यापाशी बसायची थांबशील. त्या स्टुलावर. शिकलेलं माणूस कशाला बसतंय. म्हणून म्हटलं, शिकवून येत नाही."

पलीकडे कंडक्टरने घंटी मारली.

"मी कुठेच जाणार नव्हते, बाबा," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावून बसलो होतो. तिनेही ठेवला नाही. बसचं इंजिन ऐकू येत होतं, आणि पुढचा स्टॉप आल्यावर माणसं उतरल्याचा आवाज.